कानवालीला ऐकू येणारं रडणं

त्या रस्त्यावर तिला सगळे कानवालीच म्हणायचे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर श्रवणयंत्रांचं. जिना चढून धापा टाकत आलेली म्हातारी माणसं दारातूनच विचारायची, "कानवाली बाई आहे का?" दुकानाच्या मालकीणबाई शिकलेल्या होत्या, कान तपासायच्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. पण माणसं यायची ती हिच्यासाठी. यंत्र कितीही भारी असो, कानात ते बसतं एका छोट्याशा साच्यावर, आणि तो साचा हिच्या हातचा असायचा. दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात सरकवायचा, पिचकारीनं गुलाबी लगदा भरायचा, पाच मिनिटं माणसाला गप्प बसवायचं. लगदा घट्ट झाला की कानाचा हुबेहूब ठसा बाहेर येतो. त्यावरून सिलिकॉनचा साचा घडवायचा आणि बारीक मोटरवर घासायचा. केसभर सैल राहिला तर यंत्र शिट्टी मारतं, केसभर घट्ट झाला तर कान सोलवटतो. ही माणसाच्या भुवया बघूनच म्हणायची, "वरच्या बाजूला टोचतंय ना?" टोचतच असायचं.

एक आजोबा दर महिन्याला तक्रार घेऊन यायचे, की बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. चौथ्या खेपेला आजी सोबत आल्या. म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत हो यांचे. ऐकू येतं, ऐकून घेत नाहीत." दुकानभर हशा पिकला. कानवाली पोट धरून हसली, आणि ते पोट चांगलंच मोठं होतं, कारण तिला आठवा लागला होता.

मुलगी झाली. दोन किलो आठशे पन्नास ग्रॅम, डोक्यावर भरपूर जावळ. सगळं सुरळीत झालं आणि घोडं अडलं ते पाजण्यावर. बाळ छातीशी आणलं की तोंड उघडायचं, मान इकडून तिकडे गरागरा फिरवायचं आणि रडायला लागायचं. तिच्या नवऱ्यानं तिथेच नाव पाडलं, भिंगरी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, साधा हसरा माणूस. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोही हसेना. सिस्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, "स्तनाग्रं सपाट आहेत, बाळाला धरायला काही मिळत नाही." तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पातळ, पारदर्शक टोपी आणून दिली. निपल शील्ड म्हणतात तिला. सिलिकॉनचीच. कानवालीनं ती बोटांत धरली तेव्हा तिला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

टोपी लावली, आणि भिंगरीनं ती चटकन धरली. दहा-बारा वेळा ओढलं. मग टोपीच्या टोकात पांढुरकं काहीतरी जमलं. दूध! तिची आई आणि नवरा दोघेही वाकून बघायला लागले. कानवालीच्या जिवात जीव आला. सिस्टर ट्रे उचलून निघता निघता दारातून म्हणाल्या, "फार दिवस नको हं वापरू, दूध आटतं यानं," आणि दुसऱ्या खोलीत गेल्या. त्यांच्या मागे चार बाळंतिणी होत्या, त्यांना थांबायला वेळ नव्हता. पण ते वाक्य इथेच राहिलं.

घरी आल्यावर आई मदतीला राहिली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आई एकटीच असायची, त्यामुळे हक्कानं येऊन राहिली. आठव्या दिवशी आत्या बाळ बघायला आली. आत्या वडिलांची थोरली बहीण, बोलण्यात फटकळ, मनानं वाईट नव्हे. टोपी बघितली आणि तिनं कपाळाला हात लावला. "हे काय प्लॅस्टिक घालतेस बाळाच्या तोंडात? आधीच आपल्या घरात बायकांच्या अंगावर दूध टिकत नाही. तुझ्या आईचं नाही का आटलं? म्हणून तर ती चिमी गेली."

आई फडताळातून कप काढत होती. तिनं कप ठेवले, पुन्हा उचलले आणि स्वयंपाकघरात गेली.

चिमी म्हणजे कानवालीच्या आधी झालेली बहीण. ती होती आणि दीड-दोन महिन्यांची होऊन गेली, एवढंच कानवालीला ठाऊक होतं. फोटो नव्हता. घरात तिचा विषय निघाला की कुणीतरी पंखा लावायला उठायचं, कुणीतरी खिडकी बंद करायचं. लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा आजीनं सांगितलं होतं, "तुझ्या आईला दूध नव्हतं." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

रडणं पहिल्यांदा ऐकू आलं ते आत्या येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, ती अंघोळ करत असताना. नळ चालू होता आणि पाण्याच्या आवाजाखालून बाळ रडत होतं. तिनं नळ बंद केला, टॉवेल गुंडाळला, धावत बाहेर आली. भिंगरी मुठी उशाशी टाकून गाढ झोपली होती. आई बाजूला दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"रडली ना ती?"

"छे गं. हूं की चूं नाही."

पहिल्यांदा तिनं ते सोडून दिलं. नव्या आयांना असं होतं म्हणतात. पण रडणं रोज यायला लागलं. भांडी घासताना, दारात पेपर उचलताना, एकदा तर भिंगरीला मांडीवर घेऊन बसलेली असताना, आणि भिंगरी टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. तेव्हा मात्र ती घाबरली. कारण कान हा तिचा धंदा होता. आवाज कशाला म्हणतात ते तिला कळत होतं. भिंगरीचं रडणं उचकीनं सुरू व्हायचं, मग खरखरीत व्हायचं, मग भोंगा. हे रडणं तसं नव्हतंच. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं. त्याला सुरुवात नसायची, मधूनच यायचं. चार वेळा यायचं आणि पाचव्या वेळी अर्ध्यातच थांबायचं, दम संपल्यासारखं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणतील. त्याऐवजी ती मोजायला लागली. ओली दुपटी किती, पाजलं किती मिनिटं, टोपीत दूध दिसलं की नाही. भिंगरी तासतास ओढत राहायची, दमून झोपायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तोंड शोधायला लागायची. टोपी सारखी निसटायची. दिवसातून दहा वेळा ती धुवायची, गरम पाण्यात टाकायची, उजेडात धरून बघायची. मधेच तिला वाटायचं की हा पातळ पडदा काढून फेकला तर सगळं ठीक होईल. ती तो काढायची. भिंगरी मान फिरवून फिरवून किंचाळायची, लालबुंद व्हायची, आणि शेवटी पुन्हा टोपी लावावी लागायची. तिला वाटायचं, बाळ माझ्याकडे येतच नाही, ते टोपीकडे येतं.

पंधराव्या दिवशी आरोग्य केंद्रात वजन केलं. दोन किलो सातशे सत्तर. जन्मापेक्षा ऐंशी ग्रॅम कमी. तिथल्या बाई म्हणाल्या, एव्हाना भरून यायला हवं होतं, तीन दिवसांनी पुन्हा या. घरी येताना नवरा हळूच म्हणाला, "वरचं दूध देऊ या ना थोडं. काय बिघडलं?" तो चांगल्या मनानं बोलला होता. तिनं रस्त्यातच उभं राहून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचं वाक्य गिळून बसला. त्याच्या त्या प्रश्नात तिला आजीचा आवाज ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला पाजून, आईकडे ठेवून ती दुकानात गेली. सुट्टीच्या अर्जावर सही राहिली आहे, असं सांगून गेली. सही झाली तरी ती खुर्चीतून उठेना. मग म्हणाली, "मॅडम, माझे कान तपासता?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. दुकानाच्या मागच्या बाजूला आवाजबंद खोली होती, फ्रिजसारख्या जाड दाराची, आतून करड्या स्पंजानं मढवलेली. हजारो माणसांना कानवालीनं तिथे बसवलं होतं, कानांवर हेडफोन चढवून हातात बटण दिलं होतं. "ऐकू आलं की दाबायचं, कितीही बारीक असलं तरी." आता तेच तिला सांगितलं गेलं. दार बंद झालं. रस्ता गेला, झेरॉक्सची घरघर गेली, पंखासुद्धा गेला. स्वतःच्या गिळण्याचा आवाज तेवढा राहिला. मग सूर यायला लागले, जाड, बारीक, फार बारीक. ती दाबत गेली.

आणि त्या सुरांच्या मधल्या शांततेत ते आलं. कुठल्याही भिंतीपलीकडून नाही, थेट आतच. चार वेळा, आणि पाचव्यांदा अर्धवट. तिनं बटण दाबलं. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना तिच्या छातीत सणक आली, गरम कळ सरसरत खाली उतरली, आणि तिनं पाहिलं तर ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओला होत चालला होता.

मॅडमनी दार उघडलं. "कान तल्लख आहेत तुझे. पण तीनदा तू दाबलंस तेव्हा मी काहीच सोडलं नव्हतं," असं म्हणता म्हणता त्यांचं लक्ष ब्लाउजकडे गेलं. त्यांनी आपली ओढणी काढून तिच्या खांद्यावरून टाकली आणि समोर बसल्या. मग कानवाली बोलली. टोपी, वजन, आत्या, चिमी, रडणं, सगळं एका दमात.

मॅडमनी ऐकून घेतलं. "रडण्याचं मला काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या भासानं जिचा ब्लाउज भिजतो तिचं दूध आटलं म्हणणारे आपण कोण? ती टोपी आहे का जवळ?"

पर्समध्ये डबीत होती. मॅडमनी ती बोटावर चढवून पाहिली. "हे माप कुणी घेतलं?"

"माप कुणी नाही घेतलं. सिस्टरांनी ट्रेमधून उचलून दिली."

"तू कुणाच्या कानात दुसऱ्याचा साचा घालशील का गं?"

कानवालीनं टोपी परत हातात घेतली. इतके दिवस टोपी निसटत होती, कडेनं हवा शिरून पुचपुच आवाज येत होता. जो आवाज दुकानात एका क्षणात ओळखून तिनं साचा परत घासायला घेतला असता, तो आवाज घरी ऐकून ती फक्त रडली होती.

त्याच दुपारी ती भिंगरीला घेऊन पाजण्याचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे गेली. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत त्या आठवड्यातून तीन दिवस बसायच्या. त्यांनी पट्टीनं माप घेतलं. टोपी दोन नंबरांनी मोठी होती. बाळाच्या तोंडात टोपीचं टोक तेवढं जात होतं, बाकीचं ओढणं हवेतच चाललं होतं. त्यांनी लहान टोपी दिली, तिची कड ओली करून, अर्धी उलटी करून, ताणून कशी बसवायची ते दाखवलं, आणि बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं.

"टोपीनं दूध आटत नाही," त्या म्हणाल्या. "दूध नीट निघालं नाही तर शरीराला वाटतं की गरज नाही, मग ते कमी करतं. म्हणून काही दिवस पाजल्यानंतर पंपानं काढायचं आणि तेच चमच्यानं पाजायचं. त्यातूनही कमी पडलं तर वरचं देऊ. ती हार नसते, बाई. पोट भरणं पहिलं."

पाजण्याआधी आणि पाजल्यावर भिंगरीला त्याच कपड्यांत काट्यावर ठेवलं. फरक बेचाळीस ग्रॅमचा, म्हणजे तेवढं दूध पोटात गेलं होतं. कानवालीनं काट्यावरचा आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.

पाच दिवसांत वजन एकशे तीस ग्रॅमनं वाढलं. नवऱ्यानं लिफ्टच्या डब्यातून फोन केला, तिथे आवाज घुमायचा, त्यामुळे त्याचा आनंदही घुमला. दुपटी भिजत होती, हाताला बाळ जड लागत होतं. भीतीला कारण उरलं नव्हतं.

रडणं मात्र थांबलं नाही.

एका सकाळी आई गॅसपाशी उभी होती, पातेल्यात टोपी उकळत होती. कानवाली दारात आली आणि तिला पुन्हा ते ऐकू आलं. ती दाराची चौकट धरून थबकली. आईनं वळून पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही."

"रोज अशी थबकतेस. मी बघते."

तेव्हा तिनं सांगून टाकलं. आई हसेल नाहीतर घाबरेल असं तिला वाटलं होतं. आईनं गॅस बारीक केला आणि विचारलं, "कसं रडतं?"

कानवालीनं तोंडानं काढून दाखवलं. बारीक, चार वेळा. पाचवं अर्धं.

आई खाली बसली. स्टुलावर नाही, सरळ फरशीवर, पाय दुमडून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती बोलली ती इतक्या साध्या आवाजात, की जणू भाजीचा भाव सांगते आहे. "मला पण येतं. अजून."

मग ती सांगत गेली. चिमीच्या काळजाला भोक होतं. चार घोट प्यायची आणि दमायची, कपाळाला घामाचे थेंब यायचे, ओठ निळसर व्हायचे. थोडा दम घेऊन रडायची, तेही पुरतं रडता यायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर आपल्याकडे आत्ता काही होत नाही, घरी न्या. सात आठवडे जगली.

"आणि दूध?"

"दूध?" आई हसल्यासारखी झाली. "अगं, ती गेल्यावर नऊ दिवस मोरीत पिळून टाकत होते मी. थांबत नव्हतं. रस्त्यात कुणाचं पोर रडलं तरी पान्हा फुटायचा."

कानवालीला काही कळेना. "मग दूध नव्हतं असं सगळे का म्हणतात? तू का म्हणू दिलंस?"

"तुझ्या आजीनं विचारलं, दूध नव्हतं का गं? मी हो म्हणून मान डोलावली." आईनं पातेल्याकडे पाहिलं. "काळजाला भोक असलं तर पुढचं बाळही तसंच होईल, असं मनानं घेतलं होतं. आपल्या हातात काहीच नाही, ही भीती नुसती. दुधाची चूक असली तर ती माझी चूक झाली. माझी चूक मला पुढच्या वेळी सुधारता आली असती. म्हणून घेतली अंगावर. मग तू झालीस. तुला पाजताना घोट मोजायचे मी. पाचवा घोट घेतलास की श्वास सोडायचे. वर्षभर मोजले."

पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. कानवालीनं उठून गॅस बंद केला. मग ती आईशेजारी फरशीवर बसली. जे बाळ तिच्या जन्माआधी दोन वर्षं गेलं, त्याचं रडणं तिला कसं ठाऊक, हे दोघींपैकी कुणीही विचारलं नाही. मलाही ते सांगता यायचं नाही.

पुढे सगळं नीट झालं. टोपी बारा आठवडे राहिली. एकदा लस टोचायला गेल्या असताना डबी घरीच विसरली, भिंगरी भुकेनं कासावीस झाली, आणि कानवालीनं नाइलाजानं तिला तशीच छातीशी धरली. भिंगरीनं दोनदा मान फिरवली आणि तिसऱ्यांदा धरलं. रांगेतल्या बायका आपापल्या बोलण्यात होत्या, कुणाचं लक्षही नव्हतं. त्यानंतर कधी टोपीनं, कधी तशीच, असं करत करत तिसरा महिना संपता संपता टोपी सुटली. भिंगरीनं बाळसं धरलं, मनगटाला वळ्या पडल्या. सहाव्या महिन्यात कानवाली कामावर रुजू झाली.

रडणं कमी झालं, पण गेलं नाही. महिन्यातून एखाद्या वेळी येतं. साचा घासताना आलं की ती मोटर बंद करते. धावत नाही. अर्धं राहिलेलं ते रडणं पूर्ण होईल का म्हणून क्षणभर थांबते, ते होत नाही, आणि ती पुन्हा मोटर लावते.

आत्या पुन्हा आली तेव्हा भिंगरी चार महिन्यांची होती. गुबगुबीत पोर बघून आत्या मनापासून खूश झाली. मांडीवर घेऊन म्हणाली, "नशीब बाई! तुझ्या आईसारखं नाही झालं."

आई समोर बसली होती. उठून कुठे गेली नाही. म्हणाली, "वन्सं, चिमी दुधावाचून नाही गेली. तिच्या काळजाला भोक होतं."

"म्हणजे?"

आईनं सांगितलं. घाम, निळे ओठ, डॉक्टर, सगळं. आत्याच्या मांडीवर भिंगरी तिची बांगडी ओढत होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, वहिनी?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. सांगतच आलात."

आत्यानं भिंगरीच्या मुठीतून बांगडी सोडवली. मग आत्या भिंगरीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मी एकदाच घेतलं होतं तिला. ओठ निळे दिसले. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि म्हटलं, रडू नको गं, रडू नको. आणि ती रडता रडता अर्ध्यातच थांबली. मला केवढा आनंद झाला होता, पोर माझ्याकडे शांत झाली म्हणून."

पाणी मागितलं, ते अर्धंच प्यायली आणि निघाली. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरताना तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

आई खिडकीशी उभी राहून बघत होती. "आता त्यांनाही येईल ऐकू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भिंगरीचं दुपटं ओलं झालं होतं, ते बदलायला कानवाली आत गेली.